बोकड शहारला का? प्राचीन बळी आणि जनावराची 'संमती'

माणदेशी_पाहुणा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

गेल्या चैत्रात खूप वर्षांनी गावच्या जत्रेला गेलो. आमच्या देवीला बोकड पडतो. लहानपणी हे सगळं बघितलेलं, पण तेव्हा लक्ष रश्श्याकडे. आता पन्नाशीत पहिल्यांदा विधीकडे नीट पाहिलं. बोकडाला आंघोळ, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. मग चुलत्यांनी तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर शिंपडलं आणि सगळे गप्प उभे राहिले. कशाची वाट बघतायत? तर बोकड शहारायची. त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला. तोवर सुरी लागत नाही.

बोकड काही शहारेना. ऊन असं कडक होतं की त्याला ते पाणी बरंच वाटत असावं. पुन्हा पाणी. पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेला चुलत्यांनी सरळ कानात ओतलं. कानात पाणी गेल्यावर कुठलं जनावर गप्प उभं राहील? झाडलं त्यानं अंग. "घेतला, घेतला!" असा गलका झाला, हलगी कडाडली आणि मुलाणी पुढं झाले.

परत आल्यावर भलत्याच कारणासाठी प्लूटार्क चाळत होतो. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा ग्रीक लेखक स्वतः डेल्फीच्या अपोलो मंदिरात पुजारी होता, म्हणजे ऐकीव सांगत नव्हता. तो लिहितो: डेल्फीत देवाला प्रश्न विचारण्याआधी शेळीवर पाणी ओतायचं. शेळी नुसती मान हलवून भागत नाही, खुरापासून वरपर्यंत सगळं अंग थरथरलं पाहिजे. नाही थरथरलं तर त्या दिवशी कौल नाही, पिथिया (देवाचा कौल सांगणारी पुजारीण) आत जाणार नाही.

एकदा परदेशातून मोठं शिष्टमंडळ आलं. शेळी पहिल्या पाण्याला ढिम्म. पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून पुजाऱ्यांनी पाणी ओतायचं थांबवलंच नाही. शेळी चिंब भिजली, शेवटी एकदाची शहारली. पिथिया नाखुशीनंच आत उतरली. पहिल्याच शब्दांना तिचा आवाज घोगरा, बिघडलेला. मग किंचाळत दाराकडं धावली आणि कोसळली. पुजाऱ्यासकट सगळे पळाले. थोड्या वेळानं येऊन तिला उचललं, ती शुद्धीवर होती, पण थोडेच दिवस जगली.

वाचून अंगावर काटा आला. म्हणजे शहारलो मीच.

माझा प्रश्न साधा आहे. मारायचंच ठरलंय, जनावर दाव्यानं बांधलंय, चुलीवर पाणी ठेवलंय. मग त्याला विचारायचं कशासाठी? आणि हे आणखी कुठं कुठं होतं?

---

कंटाळलेला_कारकून

धागा जबरी. आमच्या कार्यालयात बदलीआधी 'पसंतीक्रम' भरून घेतात, त्याची आठवण झाली. कानात पाणी ओतायची पद्धत तिथंही आहे.

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

शमीवृक्ष

पाहुणे, पहिलाच धागा आणि असा? लिहीत का नव्हता इतके दिवस?

वैदिक पशुयागात तर हा प्रकार इतका पुढं गेलाय की मारण्याच्या क्रियेचं नावच 'संमती' आहे. श्रौत, म्हणजे वैदिक यज्ञांच्या, परिभाषेत पशू 'मारत' नाहीत, त्याचं 'संज्ञपन' करतात. सम् + ज्ञा म्हणजे एकमत होणं, राजी होणं. त्याचं प्रयोजक रूप संज्ञपन, म्हणजे राजी करणं. शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधींचा वैदिक ग्रंथ स्पष्टच सांगतो की 'जहि', 'मारय' असं म्हणू नये, ती माणसांची बोली झाली. 'संज्ञपय' म्हणावं, ही देवांकडची बोली.

प्रत्यक्षात काय करत? यूपापासून (पशू बांधायच्या खांबापासून) पशू सोडून शामित्र नावाच्या अग्नीच्या बाजूला नेत. तिथं शमिता त्याचं तोंड-नाक दाबून, रक्त न सांडता, आवाज न होऊ देता जीव घेई. 'शमिता' म्हणजे शांत करणारा. इथंही शब्द बघा. आणि त्या वेळी अध्वर्यू (यज्ञाची कामं करणारा पुरोहित), यजमान वगैरे मंडळी तोंड फिरवून बसत.

त्याआधी 'होता' नावाचा पुरोहित जो प्रैष, म्हणजे आज्ञेचा मंत्र, म्हणतो (अध्रिगु प्रैष म्हणतात त्याला) तो मुळातून वाचण्यासारखा आहे. सुरुवात 'दैव्याः शमितार आरभध्वमुत मनुष्याः'. हे देवांच्यातल्या शमित्यांनो, सुरू करा, आणि माणसांतल्यांनो तुम्हीही. म्हणजे हात लावायला आधी देव, मागून माणूस. आणि मग: 'अन्वेनं माता मन्यतामनु पितानु भ्राता सगर्भ्योऽनु सखा सयूथ्यः'. याच्या आईनं याला अनुमती द्यावी, बापानं द्यावी, एका पोटच्या भावानं द्यावी, एका कळपातल्या सवंगड्यानं द्यावी.

तुमच्या गावात फक्त बोकडाला विचारतात. इथं त्याच्या अख्ख्या भावकीची सही घेतलीय.

आणि इतकं करूनही पशू ओरडला, पाय झाडले तर? त्याचीही सोय आहे. 'यत्पशुर्मायुमकृत...' पशूनं आवाज केला असेल, छातीवर पाय आपटले असतील, तर त्या पापातून अग्नी मला सोडवो. ज्यांनी हा मंत्र रचला त्यांना पशू राजी होता असं खरोखर वाटत असतं, तर या मंत्राची गरजच नव्हती. मला ही ओळ त्या सगळ्या कर्मकांडातली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते.

अश्वमेधातल्या घोड्याला ऋग्वेदात (१.१६२) म्हटलंय, 'न वा उ एतन्म्रियसे न रिष्यसि'. तू हा मरत नाहीस, तुला इजा होत नाही, सोप्या वाटांनी देवांकडं जातोस. घोड्याला हे ऐकवून काय उपयोग? ऐकणारा घोडा नव्हताच.

---

थेट_प्रश्न

दोन्ही प्रतिसाद वाचले. भाषा सुंदर, पण मला हे सगळं मांसाहाराला दिलेलं धार्मिक पाकीट वाटतं. लोकांना मटण खायचं होतं, देवाचं नाव लावलं, संपलं. संमती वगैरे नंतरचं शोभेचं काम.

ग्रीकांकडं तर त्यांनी स्वतःच कबूल केलंय. ग्रीक कवी हेसिओडची गोष्ट आठवा. मेकोने या ठिकाणी देव-माणसांची वाटणी होत होती. माणसांची बाजू घेणाऱ्या प्रोमिथियसनं बैलाचं चांगलं मांस जठराच्या ओंगळ पिशवीत घातलं आणि नुसती हाडं पांढऱ्याशुभ्र चरबीत गुंडाळून ठेवली. देवांचा राजा झ्यूस, त्यानं चरबी उचलली. तेव्हापासून वेदीवर देवांसाठी हाडं जाळायची आणि मांस माणसांनी खायचं. होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात बघा: सातू उधळले, जनावरांच्या माना मागं ओढून कापल्या, मांड्यांची हाडं चरबीच्या दुहेरी थरात गुंडाळून जाळली, वर वाइन. आतड्या-काळजाचा घास सगळ्यांनी चाखला, उरलेलं सळ्यांवर भाजलं आणि पोटभर जेवले. देवाला धूर, आपल्याला तुकडे.

'हेकाटोम्ब' म्हणजे शंभर बैल म्हणे. होमरमध्येच कित्येकदा डझनावर भागतं.

---

शमीवृक्ष

@थेट_प्रश्न, वाटणीबद्दल शंभर टक्के सहमत. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेची सुरुवातच पशूच्या ३६ वाट्यांनी होते. साम गाणाऱ्या तिघा पुरोहितांचं बघा: जिभेसकट जबडे प्रस्तोत्याचे, ससाण्याच्या आकाराचं छातीचं मांस उद्गात्याचं, टाळूसकट कंठ प्रतिहर्त्याचा. गाणाऱ्यांना बरोबर गाण्याचे अवयव दिलेत! ३६ कशाला, तर बृहती छंदाची अक्षरं ३६.

पण नुसतं मटणच हवं असतं तर मारणाऱ्याला वेगळं काढायची, तोंड फिरवायची, मंत्रानं पाप धुवायची यातायात कशाला? खाणं लपवलेलं नाही हो, वाटण्या तर उघड आहेत. लपवलंय ते मारणं.

---

ताम्रपट

उशिरा आलो. शमीताईंच्या शेवटच्या वाक्याला पुरावा हवा असेल तर अथेन्सचा 'बूफोनिया' बघा. बूफोनिया म्हणजे शब्दशः 'बैलाची हत्या'. बळी नव्हे, हत्या. सणाच्या नावातच गुन्हा.

स्किरोफोरिओन महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, अक्रोपोलिसवर नगररक्षक झ्यूससमोर हे चाले. तत्त्वज्ञ पॉर्फिरीनं त्याच्या आधीच्या थिओफ्रास्टसच्या आधारानं सगळा तपशील दिलाय, प्रवासवर्णनकार पॉसेनियसनंही पाहिलेलं-ऐकलेलं लिहिलंय. वेदीवर धान्य नि पोळ्या ठेवायच्या आणि भोवतीनं बैल फिरवायचे. जो बैल तोंड घालेल तो दोषी. देवाचं खाल्लं ना? मग त्याला कुऱ्हाड. म्हणजे संमतीच्याही पुढची पायरी: बैलानं आपणहून गुन्हा केला.

कुऱ्हाड घालणारा माणूस ती तिथंच टाकून पळून जायचा. बाकीच्यांनी सुरीनं बैल कापून सोलायचा, सगळ्यांनी खायचा. मग खटला! न्यायालयात एकेकाला विचारत. पाणी आणणाऱ्या मुली म्हणत, आम्ही फक्त पाणी आणलं, धार लावणाऱ्यांना विचारा. धार लावणारे म्हणत, आम्ही फक्त धार लावली, ज्यानं हातात दिली त्याला विचारा. तो म्हणे, मी फक्त दिली, मारणाऱ्याला विचारा. मारणारा म्हणे, मी काय करणार, सुरीनं कापलं. सुरीला काही बोलता येत नाही. सुरी दोषी ठरे आणि समुद्रात फेकली जाई.

संपलं नाही. बैलाचं कातडं गवतानं भरून शिवायचं, उभं करायचं आणि नांगराला जुंपायचं. बघा, बैल आहे की जागेवर. कोण म्हणतं मेला?

(कारकूनभाऊ, फाइल कुणाच्या टेबलावर अडकली हे शोधताना नेमकं असंच होतं ना?)

आता थेट_प्रश्न यांच्या बाजूनंही एक सांगतो. वॉल्टर बुर्केर्टसारख्या अभ्यासकांनी हा निरपराधपणाचा खेळ ग्रीक बळीच्या केंद्रस्थानी ठेवला: सातूच्या टोपलीत सुरी लपवायची, पाणी शिंपडून जनावराला मान डोलवायला लावायची, वगैरे. २००७ साली फ्रेड नायडन यांनी त्यावर चांगलीच झोड उठवली. त्यांचं म्हणणं, कलशांवरची चित्रं बघा. जनावरांना दोर बांधलेत, माणसं त्यांना ओढतायत. मान डोलणं म्हणजे संमती असं सांगणारे आधार थोडे आणि बहुतेक उशिराचे. हलणारं जनावर म्हणजे जिवंत, धडधाकट जनावर, देवाला देण्याजोगं. बस्स.

मला नायडन बरेचसे पटतात, पण बूफोनिया त्यांच्या चौकटीत बसत नाही. नुसतं धडधाकट जनावर हवं होतं तर सुरीवर खटला कशाला भरला?

---

कंटाळलेला_कारकून

@ताम्रपट, आमच्याकडं सुरीसुद्धा सुटते. 'संबंधित कुऱ्हाड सेवानिवृत्त झाली आहे.'

---

पंचगंगेकाठचा

इथं कुणी यशोधराची कथा कशी काढली नाही? आमच्याकडं लहानपणी आजीकडून ऐकलेली.

राजा यशोधराला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती सांगते, देवीला जिवांचा बळी दे. राजा अहिंसेला मानणारा, जीव मारायला तयार नाही. आई म्हणते, बरं, पिठाचा कोंबडा करून कापू. तो कापतो, दोघं प्रसाद म्हणून खातात. पुढं राणी विष घालून दोघांना मारते. आणि मग सुरू होतात जन्मावर जन्म: मोर, कुत्रा, मासा, मगर, बोकड, कोंबडा. प्रत्येक जन्मात मायलेक एकमेकांच्या आसपास आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी तोंडी पडून किंवा हातून मेलेले.

सोमदेव सूरींनी 'यशस्तिलक चम्पू'त ही कथा ९५९ साली, राष्ट्रकूटांच्या काळात संस्कृतात लिहिली. तिच्या जैन परंपरेत कितीतरी आवृत्त्या आहेत. मुद्दा एकच: कापताना तुझ्या मनात काय होतं? कोंबडा पिठाचा होता, पण मारायची इच्छा खरी होती. तुमच्या त्या तोंड फिरवून बसणाऱ्या अध्वर्यूला आमच्या आजीनं सोडला नसता.

---

शमीवृक्ष

पंचगंगेकाठचे, व्वा! हा टोला खास श्रौत मंडळींनाच लगावलेला आहे, कारण पीठ हा त्यांचाही जुना मार्ग.

ऐतरेय आणि शतपथ दोन्हीकडं गोष्ट आहे. देवांनी आधी पुरुष बळी म्हणून घेतला. त्याच्यातला 'मेध', म्हणजे यज्ञाला योग्य असा सारभाग, निसटला आणि घोड्यात गेला. घोडा घेतला तर बैलात. मग मेंढ्यात. मग बोकडात, तिथं तो सर्वांत जास्त रमला. शेवटी जमिनीत शिरला. देवांनी खणून काढला, तेव्हा साळी नि जव मिळाले. म्हणून पुरोडाश, म्हणजे पिठाची जाड पोळी, हीच पशू. शतपथानं तर हिशेबच मांडलाय: कोरडं पीठ म्हणजे केस, पाणी घातलं की कातडी, मळलं की मांस, भाजलं की हाड, तूप लावलं की मज्जा. स्वयंपाकघरात कणीक मळताना हे आठवलं की माझे हात क्षणभर थांबतात, खरं सांगते.

पुढं मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेत पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, रुजला. १९७५ साली केरळातल्या पांजाळला नंबुद्री ब्राह्मणांनी अग्निचयन हा वैदिक यज्ञ केला, अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी ज्याचं चित्रीकरण केलं, तिथंही बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे गोळे होते. पण मंत्र तेच. आईची, भावाची अनुमती तशीच घेतलेली. पिठाच्या गोळ्याची आई कोण? जातं?

---

ताम्रपट

आणि हे फक्त आपल्याकडंच नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, इजिप्तमध्ये पौर्णिमेला डुकराचा बळी द्यायचा एक सण होता. ज्यांना डुक्कर परवडत नसे ते कणकेचं डुक्कर भाजून तेच वाहत. तिथं कारण गरिबी, दया नव्हे. उलट सिसिलीतल्या एम्पेडोक्लीस या ग्रीक तत्त्वज्ञाबद्दल सांगतात की त्यानं ऑलिंपियात मध आणि सातूच्या पिठाचा बैल वाहिला. हा माणूस आत्मा जनावरांतून फिरतो असं मानायचा. त्याच्या कवितेत तर बाप मंत्र म्हणत म्हणत वेदीवर मुलालाच कापतो, कारण मुलाचं रूप बदललंय, बापाला ओळखू येत नाही. यशोधराचे जन्म आणि हे शेजारी ठेवून बघा.

आपला कोहळाही त्याच रांगेतला. मधोमध चिरून कुंकू भरलेला कोहळा वास्तुशांतीला बघितला की कुणाला वाटतं, याच्या आत एके काळी काय होतं?

---

शिवनेरीचा_वारा

जुन्नरकर असल्यानं नाणेघाट मध्ये आणतोच. सातवाहन राणी नागनिकेच्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखात यज्ञांची यादीच आहे: अग्न्याधेय, राजसूय, गवामयन, आणि अश्वमेध तर दोनदा. प्रत्येकाची दक्षिणा लिहिलेली. गाई हजारांच्या हिशेबात, घोडे, हत्ती, गावं, कार्षापणं (तेव्हाची नाणी). घाट चढून दम लागलेला असताना ती भिंत वाचली की जाणवतं, हा सगळा जमाखर्च आहे. दान किती, कुणाला. घोडं कसं मेलं त्याला त्या भिंतीवर जागा नाही.

---

थेट_प्रश्न

ठीक, मारणं लपवलंय हे मान्य करतो. माझी 'पाकीट'वाली उपमा मागं घेतो, अर्धी.

पण मग माणसांच्या बळीचं काय? जिथं बळी बोलू शकतो, तिथं संमती कशी घेत? शांग राजवटीतल्या चीनमध्ये तर हा प्रश्नच दिसत नाही. आनयांगला सापडलेल्या, कौल लावायच्या हाडांवर पूर्वजांना विचारलेलं असतं, इतके च्यांग टोळीचे बंदी द्यायचे का, की इतके? आकडा पूर्वजांना विचारायचा, बंद्यांना नाही.

---

पाठपिशवी

@थेट_प्रश्न, याचं एक उत्तर मी प्रत्यक्ष पाहिलंय, अर्जेंटिनात साल्ता शहराच्या संग्रहालयात.

१९९९ साली योहान राइनहार्ड आणि सहकाऱ्यांना युल्याइल्याको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६७३९ मीटरवर, इंका काळातली तीन मुलं सापडली. पाचशे वर्षं गोठलेली. एक तेरा-एक वर्षांची मुलगी, बाकी दोघं चार-पाच वर्षांची. इंकांच्या या विधीला कापाकोचा म्हणतात. संग्रहालयात तिघांतलं एकच आळीपाळीनं मांडतात. मी गेलो तेव्हा मोठी मुलगी होती. मांडी घालून बसलेली, मान पुढं कललेली, बारीक बारीक वेण्या. झोपलीय असंच वाटतं. मी फार वेळ थांबू शकलो नाही.

त्या वेण्यांवरूनच पुढचं कळलं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे केसाची लांबी ही रोजनिशीच. २०१३ साली त्यांच्या केसांची तपासणी प्रसिद्ध झाली. मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधी मुलीचं खाणं एकदम सुधारलं, गरिबाघरचं जेवण जाऊन मानाचं आलं. तेव्हापासून कोका (चघळायची उत्तेजक पानं) वाढला. आणि शेवटच्या काही आठवड्यांत दारू, बहुधा मक्याची चिचा, सगळ्यात जास्त. ती गेली तेव्हा कोकाची पानं तिच्या तोंडातच होती.

अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही. राजी होती, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मला तुमच्या बोकडाच्या कानातलं पाणी आठवलं.

---

शमीवृक्ष

हे वाचून काही वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

आपल्याकडचा बोलणारा बळी म्हणजे शुनःशेप. हरिश्चंद्रानं वरुणाला मुलगा कबूल केला, मुलगा झाल्यावर आज-उद्या करत राहिला. दात येऊ देत, दात पडू देत, कवच घालण्याएवढा होऊ दे. शेवटी तो मुलगा, रोहित, रानात पळाला. म्हणजे ज्याला सांगितलं त्यानं चक्क नकार दिला! मग बदली शोधली. अजीगर्त नावाचा भुकेनं गांजलेला ब्राह्मण, तीन मुलं. थोरला बापाला लाडका, धाकटा आईला. मधला, म्हणजे शुनःशेप, शंभर गाईंना विकला. यूपाला बांधायला कुणी तयार होईना, तर आणखी शंभर गाई घेऊन बापानंच बांधला. कापायला कुणी धजेना, आणखी शंभर गाई घेऊन बापच सुरीला धार लावत पुढं आला.

लक्षात घ्या, या कथेत पुरोहितांपैकी एकही शमिता व्हायला तयार नाही. पशूच्या वेळी 'दैव्याः शमितार' म्हणून देवांच्या मागं लपता येतं, इथं लपायला जागा नाही. मुलगा एकेका देवाची स्तुती करतो, पाश गळून पडतात, सुटतो. नंतर बाप परत बोलवायला येतो तेव्हा तो जात नाही, विश्वामित्राचा मुलगा होतो.

शतपथातल्या पुरुषमेधातही बांधलेल्या माणसांभोवती अग्नी फिरवल्यावर वाणी होते: हे संपवू नकोस, संपवलंस तर माणूस माणसाला खाईल. आणि सगळ्यांना सोडून देतात. खाणं आणि मारणं किती चिकटून आहे बघा. बळी द्यायचा म्हणजे पंगत बसणार, हे गृहीतच.

---

गावगुंड_नव्हे

हे सगळं वाचून कुणाला वाटत नाही का की अजूनही असले प्रकार चालतात आणि आपण इथं श्लोक म्हणत बसलोय? २०१३ साली राज्यात नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला तो काय उगाच? पाहुण्यांनी जत्रेचं वर्णन असं रंगवून करायला नको होतं. बाकी अमुक समाजाच्या कुर्बानीवर बोलायची हिंमत दाखवा, मग मानू.

---

संपादक

विषय प्राचीन संस्कृतींचा आहे. कायद्यावर किंवा इतर समाजांवर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढावा. वरच्या प्रतिसादावर आलेले चार उपप्रतिसाद उडवले आहेत.

---

माणदेशी_पाहुणा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना दंडवत. धाग्याची वाचनखूण मी स्वतःच साठवून ठेवलीय.

@गावगुंड_नव्हे, रंगवायचा हेतू नव्हता. मी त्या दिवशी जेवलो, तेही सांगतो. आणि आमचा बोकड कापणारे मुलाणीच होते, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडं हा मान आहे, वाटा ठरलेला आहे. ताम्रपटांचा तो पळून जाणारा कुऱ्हाडवाला वाचल्यापासून डोक्यात तेच आहे: गावात बोकड कापता येणारे वीस जण असतील, पण देवीसमोर सुरी कधी आमच्या भावकीच्या हातात नसते. पाणी आमचं, सुरी त्यांची, घेतला देवीनं. आम्ही कोण? पाणी आणणारे.

रोमन लोकांचं एक वाचनात आलं, ते इथं टाकतो. तिथं हातोडा घेतलेला सेवक घाव घालण्याआधी मोठ्यानं विचारायचा, 'आगोने?' म्हणजे 'करू का?' आणि यज्ञ करणारा म्हणायचा, 'कर.' त्यांनी निदान बैलाला विचारल्याचं सोंग कमी केलं, मालकाला विचारलं. आमचे मुलाणीही तेच करत असावेत, हे आत्ता लक्षात येतंय. कापण्याआधी ते चुलत्यांकडं बघतात आणि चुलते मान हलवतात. इतकी वर्षं बघतोय, मान हलवणारा नेमका कोण ते दिसलंच नव्हतं.

---

ताम्रपट

पाहुणे, हे शेवटचं निरीक्षण मूळ धाग्यातच घाला राव.

एक विचारायचं राहिलं. प्लूटार्कच्या म्हणण्यानुसार शेळी थरथरली नाही तर कौल बंद. तुमच्याकडं बोकड शहारलाच नाही असं कधी झालंय? म्हणजे खरंच सोडून दिला? चुलत्यांना विचारून सांगता का?

---

माणदेशी_पाहुणा

@ताम्रपट, काल रात्री फोन केला. संवाद जसाच्या तसा देतो.

"आण्णा, बोकड शहारलाच न्हाई, आसं कवा झालंय का?"

"झालंय की. भात्तरला."

"भात्तरला? म्हंजी दुष्काळात?"

"तवा प्यायला पानी न्हवतं, बोकडावर कुठलं वताय? नुसता अंगारा लावला. उभं ऱ्हायलं तसंच. मुलाणी म्हणला, मी हात लावत न्हाई."

"मग?"

"मग काय. सोडला देवीच्या नावानं."

"आन् पुढं?"

"चार दिस फिरत हुता देवळाम्होरं. मग दिसला न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "कुनी इचारलं बी न्हाई. दुष्काळ हुता."